वैद्यकीय शिक्षणातील वंशवाद

वैद्यकीय शिक्षणातील वंशवाद म्हणजे डॉक्टर घडविण्याच्या प्रक्रियेत, म्हणजे प्रवेश, अध्यापन, पाठ्यपुस्तके, परीक्षा, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि पुढील नेमणुका या टप्प्यांवर, माणसाच्या वंशावरून केला जाणारा भेद होय. हा भेद दोन ठिकाणी आढळतो. एक दाराशी: कोणाला महाविद्यालयात घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे. दुसरा पुस्तकात: रोग्याच्या शरीराविषयी काय शिकवायचे आणि कोणाचे शरीर प्रमाण मानायचे. दाराशी होणारा भेद उघड दिसतो, त्यामुळे त्याविरुद्ध कायदा करता येतो. पुस्तकातला भेद आकडा, सूत्र किंवा छायाचित्र होऊन येतो; विद्यार्थी तो परीक्षेसाठी पाठ करतो आणि पुढे हयातभर रुग्णांवर वापरतो. त्यामुळे कायदे बदलल्यानंतरही तो दीर्घकाळ टिकून राहिला. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ब्रिटन येथील इतिहास आणि सुधारणेचे प्रयत्न दिले आहेत.

संज्ञा

‘वंश’ ही जीवशास्त्रीय वर्गवारी नसून समाजाने केलेली वर्गवारी आहे, असे आज बहुसंख्य आनुवंशिकीतज्ज्ञ मानतात. मानवी जनुकांतील बहुतांश विविधता तथाकथित वंशांच्या आतच आढळते. दोन वंशांमधील सरासरी फरक त्या मानाने थोडा असतो. याचा अर्थ वंशाचा आरोग्याशी संबंध नाही, असा नाही. ज्याला समाज कृष्णवर्णीय म्हणतो त्याला मिळणारे घर, शाळा, काम, हवा आणि दवाखाना यांत फरक पडतो आणि त्याचा परिणाम शरीरावर होतो. वैद्यकीय शिक्षणातील वादाचा गाभा येथेच आहे. शरीरावर दिसणारा परिणाम हा जन्मजात गुणधर्म आहे असे शिकवायचे, की परिस्थितीचा ठसा आहे असे शिकवायचे?

प्रवेशाचा इतिहास

वैद्यकाची पदवी मिळविणारे पहिले आफ्रिकन अमेरिकन जेम्स मॅक्यून स्मिथ यांना ती १८३७ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाने दिली. त्यांच्या मायदेशातील महाविद्यालयांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. १८५० मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने मार्टिन डिलेनी यांच्यासह तीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. गौरवर्णीय विद्यार्थ्यांतील एका गटाने निषेधाचे ठराव केले. तेव्हा ऑलिव्हर वेंडेल होम्स हे तेथील अधिष्ठाता होते. त्या सत्रापलीकडे या तिघांना शिकू दिले गेले नाही. होम्स हे गुणी साहित्यिक होते आणि बाळंतज्वराचा संसर्ग डॉक्टरांच्या हातांतून पसरतो हे त्यांनी वेळेआधी ओळखले होते. एवढ्या बुद्धिमान माणसानेही या प्रसंगी वर्गाच्या बहुमतापुढे मान तुकवली, ही नोंद बोलकी आहे.

स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या काही संस्था या बाबतीत पुढे होत्या. रिबेका ली क्रम्प्लर यांना १८६४ मध्ये बोस्टनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळाली. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हानिया महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी डॉक्टर झाली. मराठी वाचकांना हे महाविद्यालय आनंदीबाई जोशी यांच्यामुळे ठाऊक आहे; त्यांना तेथे १८८६ मध्ये पदवी मिळाली. आनंदीबाईंच्या आधी एकोणीस वर्षे हे दार उघडले गेले होते, ही गोष्ट त्यांच्या मराठी चरित्रकथनांत सहसा सांगितली जात नाही.

कृष्णवर्णीयांना विद्यार्थी म्हणून नाकारणाऱ्या याच व्यवस्थेला विच्छेदनासाठी मात्र त्यांचे देह चालत होते. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १८५२ मध्ये ग्रँडिसन हॅरिस नावाचा गुलाम विकत घेतला. रात्री कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतील ताज्या कबरी उकरून प्रेते आणणे, हे त्याचे काम होते. १९८९ मध्ये जुन्या इमारतीची दुरुस्ती चालू असताना तळघरात हजारो मानवी हाडे सापडली. तपासणीत त्यांतील बहुसंख्य हाडे आफ्रिकन अमेरिकनांची असल्याचे दिसून आले. १९९८ मध्ये ती पुन्हा दफन करण्यात आली. अलाबामातील शल्यचिकित्सक जे. मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अनार्का, बेट्सी व ल्यूसी या आणि इतर गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. पुढे अनेक पिढ्यांना सिम्स ‘स्त्रीरोगशास्त्राचे जनक’ म्हणून शिकविले गेले. त्या स्त्रियांची नावे अलीकडे शिकविली जाऊ लागली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्यांचा पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला.

फ्लेक्सनर अहवाल

१९१० मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानसाठी अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल लिहिला. प्रयोगशाळा, रुग्णालयाशी जोडलेले शिक्षण, प्रवेशाची किमान पात्रता या आज गृहीत धरल्या जाणाऱ्या गोष्टींचा पाया या अहवालाने घातला. पैसे घेऊन पदव्या वाटणारी दुकाने त्यामुळे बंद झाली. हे श्रेय निर्विवाद आहे.

त्याच अहवालात कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय शिक्षणावर एक लहानसे प्रकरण आहे. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी मुख्यतः आपल्या लोकांत स्वच्छता व आरोग्यरक्षणाचे काम करावे, अशी त्यातील भूमिका आहे; आणि त्या समाजातील रोग शेजारच्या गौरवर्णीयांपर्यंत पोहोचू शकतात, हे त्यामागचे एक कारण म्हणून दिले आहे. त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड (स्थापना १८६८) आणि नॅशव्हिलमधील मेहॅरी (१८७६) ही दोनच टिकविण्याजोगी आहेत, असे फ्लेक्सनर यांनी नोंदविले. १९२३ पर्यंत उरलेली पाचही बंद पडली. ती सर्व उत्तम होती असे नव्हे. परंतु दुबळ्या संस्थांना पैसा पुरवून सुधारण्याचा मार्ग त्यांच्यासाठी खुला झाला नाही आणि दक्षिणेतील इतर महाविद्यालयांचे दार तर बंदच होते. ही महाविद्यालये चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत त्यांतून किती डॉक्टर बाहेर पडले असते, याचा अंदाज २०२० मधील एका अभ्यासात मांडला आहे. तो आकडा सुमारे ३५ हजारांपर्यंत जातो. त्याच वर्षी अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने आपल्या सर्वोच्च पुरस्कारातून फ्लेक्सनर यांचे नाव काढून टाकले.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या स्थानिक शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना सदस्यत्व नाकारीत; म्हणून त्यांनी १८९५ मध्ये अटलांटा येथे नॅशनल मेडिकल असोसिएशन ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. स्थानिक शाखेचे सदस्यत्व नसल्यास अनेक रुग्णालयांत काम मिळत नसे आणि रुग्णालयाविना पुढील प्रशिक्षण मिळत नसे. मोठ्या संघटनेने या इतिहासाबद्दल २००८ मध्ये जाहीर माफी मागितली.

पाठ्यपुस्तकांतील वंश

फुप्फुसांत किती हवा मावते हे मोजणारे स्पायरोमीटर हे यंत्र इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४० च्या दशकात तयार केले. लुइझियानातील सॅम्युअल कार्टराइट या गुलामगिरीसमर्थक डॉक्टरने ते गुलामांवर वापरून त्यांची फुप्फुसे गौरवर्णीयांपेक्षा दुबळी असतात, असा निष्कर्ष काढला. याच कार्टराइटने १८५१ मध्ये गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेला एक मानसिक रोग ठरवून त्याला भारदस्त ग्रीक नाव दिले होते. तो ‘रोग’ पुढे हास्यास्पद ठरून विसरला गेला. फुप्फुसांचा आकडा मात्र उरला. विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांसाठी अपेक्षित क्षमता १० ते १५ टक्क्यांनी आणि आशियाई लोकांसाठी ४ ते ६ टक्क्यांनी कमी धरण्याची ‘दुरुस्ती’ यंत्राच्या आज्ञावलीतच बसविली गेली. तंत्रज्ञ कळ दाबून वंश निवडीत असे आणि छापील निकालावर त्याची खूणही अनेकदा उरत नसे. याचा व्यवहारातील परिणाम असा की, दोन कामगारांची फुप्फुसे सारखीच खराब असली तरी कृष्णवर्णीय कामगार कागदावर निरोगी ठरे आणि नुकसानभरपाईस अपात्र होई. या यंत्राचा इतिहास लंडी ब्राउन यांनी २०१४ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशनिरपेक्ष सूत्रे वापरण्याची शिफारस केली.

मूत्रपिंडाच्या सूत्राची गोष्ट याहून अलीकडची आहे. रक्तातील क्रिएटिनिन मोजून मूत्रपिंड किती काम करते आहे याचा अंदाज सूत्राने काढतात. १९९९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तराला सुमारे १.२ ने आणि २००९ च्या सूत्रात सुमारे १.१६ ने गुणले जाई. कृष्णवर्णीयांचे स्नायू अधिक असतात, असे त्याचे स्पष्टीकरण वर्गात दिले जाई. त्यास भक्कम पुरावा नव्हता. अमेरिकेत हे उत्तर २० किंवा त्याखाली आले की मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतील काळ मोजला जाऊ लागतो. समजा, एखाद्याचे उत्तर १८ आले. तो गौरवर्णीय असल्यास यादीत जाई. कृष्णवर्णीय असल्यास १८ चे जवळपास २१ होत आणि तो बाहेर राही. आई-वडिलांपैकी एक गौरवर्णीय असलेल्या रुग्णाचे काय करावयाचे, या साध्या प्रश्नाला सूत्राकडे उत्तर नव्हते. हा प्रश्न वर्गांत विद्यार्थीच विचारू लागले. बोस्टन, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल अशा ठिकाणी विद्यार्थ्यांनी व तरुण डॉक्टरांनी केलेल्या पाठपुराव्यानंतर काही रुग्णालयांनी हा गुणक वगळला. २०२१ मध्ये मूत्रपिंडविषयक दोन राष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त गटाने वंशविरहित सूत्राची शिफारस केली. जानेवारी २०२३ पासून जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ पूर्वलक्षी प्रभावाने वाढवून देण्याचा नियम लागू झाला. शिकविण्यातील चूक रुग्णाच्या हिशेबात भरून देण्याचे असे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

वेदनेविषयीच्या समजुतींचा अभ्यास व्हर्जिनिया विद्यापीठात झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील २२२ गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयीचे किमान एक खोटे विधान खरे मानले; उदाहरणार्थ, त्यांची कातडी अधिक जाड असते किंवा त्यांच्या मज्जातंतूंची टोके कमी संवेदनशील असतात. अशा समजुती असणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले आणि त्यांची उपचारांची शिफारसही कमी अचूक होती. हे विद्यार्थी दुष्ट होते, असे अभ्यासकांनी म्हटलेले नाही. त्यांनी ते कोठेतरी ऐकले होते आणि शिक्षणाने ते पुसले नव्हते.

छायाचित्रांची उणीव याच प्रकारची आहे. चार प्रसिद्ध पाठ्यपुस्तकांतील चार हजारांहून अधिक चित्रांच्या २०१८ मधील पाहणीत गडद त्वचेची चित्रे केवळ ४.५ टक्के होती. त्वचा लाल होणे, ओठ निळे पडणे, फिकटपणा येणे या सर्व वर्णनांत मुळात गोरी कातडी गृहीत धरलेली असते. गडद त्वचेवर दाह जांभळट किंवा करडा दिसू शकतो; प्राणवायूची कमतरता ओळखण्यासाठी हिरड्या, नखे व पापणीची आतील बाजू पाहावी लागते. बोटाला लावण्याचे पल्स ऑक्सिमीटरही या बाबतीत निर्दोष नाही. गडद त्वचेच्या रुग्णांत ते चुकते, हे १९९० मध्येच नोंदले गेले होते. २०२० मधील एका मोठ्या अभ्यासात यंत्राचा आकडा समाधानकारक असूनही रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीवर असण्याचे प्रमाण गौरवर्णीयांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. कोविडच्या साथीत या फरकाला फार अर्थ होता.

छुपा अभ्यासक्रम

पाठ्यक्रमात न लिहिलेले, पण वॉर्डात वरिष्ठांच्या वागण्यातून शिकले जाणारे ते छुपा अभ्यासक्रम. अमेरिकेतील ४९ महाविद्यालयांतील साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा प्रवेशापासून शेवटच्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणारा एक अभ्यास झाला. प्राध्यापक किंवा वरिष्ठ डॉक्टर कृष्णवर्णीय रुग्णांविषयी हेटाळणीने बोलताना ज्यांनी ऐकले, त्यांच्या मनातील सुप्त पूर्वग्रह शिक्षणकाळात वाढल्याचे त्यात दिसले. शिक्षकाचे तोंडातून निसटलेले वाक्य विद्यार्थी व्याख्यानापेक्षा पक्के लक्षात ठेवतो, हे कोणत्याही शाळेतील शिक्षकास पटेल.

अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्यसेवेने उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोगाची वाटचाल पाहिली. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. हा प्रयोग गुप्त नव्हता. त्यावरील शोधनिबंध १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते आणि वाचकांपैकी फारच थोड्यांनी आक्षेप घेतला. हा भाग आज वैद्यकीय नीतिशास्त्रात शिकविला जातो, परंतु बहुधा संशोधकांची चूक म्हणून. वाचकांच्या मौनाची चर्चा त्या मानाने कमी होते.

ब्रिटनमधील अनुभव

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये प्रवेशअर्जांची पहिली चाळणी करण्यासाठी १९८० च्या सुमारास संगणकाची आज्ञावली तयार करण्यात आली. माणसांच्या निवडीतील लहरीपणा जाऊन काम निःपक्षपाती व्हावे, हा हेतू होता. आज्ञावली जुन्या निवड समितीच्या निर्णयांशी जुळवून घेतली गेली आणि समितीचा पूर्वग्रहही तिने इमानाने उचलला. युरोपीय नसलेल्या नावांचे व स्त्रियांचे गुण ती कमी करीत असे. तेथीलच दोन डॉक्टरांनी हे वांशिक समता आयोगाच्या निदर्शनास आणले. १९८८ च्या अहवालानुसार दरवर्षी सुमारे ६० अर्जदार केवळ वंश किंवा लिंग यांमुळे मुलाखतीस मुकले असावेत. विशेष म्हणजे या संस्थेतील अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण लंडनमधील इतर काही महाविद्यालयांपेक्षा अधिकच होते. इतरत्र हीच गोष्ट माणसे करीत होती. त्यामुळे लेखी पुरावा उरत नव्हता.

अनीस इस्माईल व सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी पुढे एक प्रयोग केला. रुग्णालयांतील कनिष्ठ पदांसाठी त्यांनी समान पात्रतेचे बनावट अर्ज धाडले. काही इंग्रजी नावांचे, काही आशियाई नावांचे. इंग्रजी नावांना मुलाखतीचे बोलावणे दुप्पट प्रमाणात आले. हा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र त्याआधी फसवणुकीच्या संशयावरून पोलिसांनी दोघांना अटक केली होती. खटला चालला नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत भारतातून, त्यांत महाराष्ट्रातूनही, गेलेले डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे हा विषय मराठी कुटुंबांना दूरचा नाही. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने सामान्य चिकित्सकांच्या प्रात्यक्षिक परीक्षेतील निकालांच्या तफावतीबद्दल २०१४ मध्ये न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने परीक्षा बेकायदा ठरविली नाही; परंतु ही तफावत दूर करण्यासाठी आता कृती हवी, असे बजावले. जनरल मेडिकल कौन्सिलने २०२१ मध्ये वैद्यकीय शिक्षण व प्रशिक्षणातील वांशिक भेद २०३१ पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले.

सुधारणेचे प्रयत्न

सुधारणेची सुरुवात पुष्कळदा विद्यार्थ्यांकडून झाली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनी पांढरे कोट घालून जमिनीवर निपचित पडून निदर्शने केली. सेंट जॉर्जेस येथेच मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने वर्गात दाखविलेली लक्षणे गडद त्वचेवर कशी दिसतात, असे विचारण्यास सुरुवात केली आणि २०२० मध्ये दोन अध्यापकांच्या साहाय्याने ‘माइंड द गॅप’ ही सचित्र पुस्तिका तयार केली. ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे.

महाविद्यालये आता आपल्या व्याख्यानांची व प्रश्नसंचांची तपासणी करतात. पूर्वी प्रश्नात ‘आफ्रिकन अमेरिकन रुग्ण’ असा शब्द दिसताच उत्तर ठराविक दोन-तीन आजारांपैकी एक असणार, हे विद्यार्थी ओळखत. अशी सवय वॉर्डात घातक ठरते. सुप्त पूर्वग्रहावरील एखाद्या तासाचे प्रशिक्षण हा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय उपाय. त्याचा परिणाम टिकतो, याचा पुरावा मात्र तोकडा आहे. सूत्र बदलणे, चित्रे बदलणे आणि तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था करणे ही कामे अधिक कष्टाची आहेत.

वाद आणि सद्यस्थिती

सूत्रांतून वंश वगळण्याने सर्व प्रश्न सुटतात असे नाही. श्वासक्षमतेच्या नव्या सूत्राने काही कृष्णवर्णीय रुग्णांचा आजार लवकर ओळखला जाईल. त्याच सूत्राने काहींची फुप्फुसे अधिक दुबळी ठरून त्यांना कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा एखादी नोकरी नाकारली जाऊ शकते. मूत्रपिंडाच्या बदललेल्या आकड्याने काही औषधांची मात्राही बदलते. हे आक्षेप गंभीर असून सुधारणावादी तज्ज्ञही ते विचारात घेतात.

प्रवेशातील वांशिक विचाराबद्दलचा कायदेशीर वादही वैद्यकीय महाविद्यालयातूनच उभा राहिला. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य वंशांसाठी राखीव होत्या. ॲलन बाकी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अशा निश्चित जागा रद्द केल्या, पण वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून वापरण्यास मुभा दिली. जून २०२३ च्या निकालाने तीही संपली. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत ११.६ टक्क्यांनी घटली.

भारतीय संदर्भ

भारतातील वैद्यकीय शिक्षणात भेदाचा मुख्य आधार वंश नसून जात आहे. दोन्ही एकच नव्हेत, तरी दार आणि वॉर्ड या दोन्ही ठिकाणची लक्षणे ओळखीची वाटतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने २००६ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वसतिगृहात वेगळे पाडले जाणे, शिक्षकांचे असहकार्य आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांतील भेद यांची नोंद समितीने २००७ च्या अहवालात केली.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील वांशिक खुणा येथे आल्यावर कशा कुचकामी ठरतात, याचे उत्तम उदाहरण सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. अमेरिकेत तो दीर्घकाळ कृष्णवर्णीयांचा आजार म्हणून शिकविला गेला. वस्तुतः त्याचे जनुक हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिले. मग तो प्रदेश आफ्रिकेतील असो, ग्रीसमधील, अरबस्तानातील की भारतातील. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात नंदुरबार तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि ते आदिवासी व बिगर-आदिवासी अशा दोन्ही समाजांतील आहेत.